दगड ओळखा, मगच सौदा करा

घर बांधायला काढले की माणूस सिमेंटची गोणी उलटी करून तारीख पाहतो, सळईचा छाप पाहतो, विटेवर वीट आपटून आवाज ऐकतो. परंतु खडीचा ट्रक दारात रिकामा झाला की तो फक्त ब्रास मोजतो. दगड म्हणजे दगड, त्यात काय पाहायचे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः पायाचा डबर, स्लॅबची खडी, खोलीतील फरशी, ओट्याची लादी आणि अंगणातील बोअर या पाचही ठिकाणी आपण दगडावरच पैसा लावत असतो, आणि पाचही ठिकाणी दगड निराळा असतो.

चोपडा तालुक्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि दोहोंच्या मध्ये केळीचे मळे, एवढ्या लहान टापूत जमिनीची तीन रूपे पाहायला मिळतात. एका गावाला जो हिशेब लागू पडतो तो दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावाला लागू पडत नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येक जण बांधकाम, फरशीकाम, वाहतूक आणि बोअरवेल या धंद्यांत आहेत, कित्येक जण शेतकरी आहेत. त्यांच्यासाठी दगडाची ही तोंडओळख आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, हातोडी, चाकू, लिंबू, बादलीभर पाणी आणि तराजू एवढे पुरेसे आहे.

दगडांची तीन घराणी

जगातील सर्व खडक तीन घराण्यांत मोडतात.

पहिले घराणे अग्निजन्य खडकांचे. पृथ्वीच्या पोटातील वितळलेला रस थंड होऊन ते बनतात. पाक लवकर थंड केला तर साखरेचा बारीक भुगा मिळतो. तोच पाक दिवसेंदिवस सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे तयार होतात. दगडाचेही तसेच आहे. रस जमिनीवर येऊन झटपट थंड झाला की बारीक कणांचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट बनतो. खोल जमिनीखाली लाखो वर्षे सावकाश थंड झाला की डोळ्यांना दिसतील एवढ्या दाण्यांचा ग्रॅनाइट बनतो. दोहोंची रासायनिक घडणही वेगळी असते, पण दाणा पाहून प्रथम हा फरक करता येतो.

दुसरे घराणे गाळाच्या खडकांचे. नदी, समुद्र किंवा वारा यांनी आणलेली माती, वाळू, शंख-शिंपल्यांचा चुरा एकावर एक साठतो, दाबला जातो, चिकटतो. वालुकाश्म आणि चुनखडक हे त्यातील मुख्य. त्यांची खूण म्हणजे थर. म्हणूनच शहाबादी फरशी थराथराने सुटते.

तिसरे घराणे रूपांतरित खडकांचे. वीटभट्टीत माती भाजली की तिची पुन्हा माती होत नाही, एक नवीनच वस्तू तयार होते. त्याप्रमाणे जमिनीखालील उष्णता आणि दाब यांनी जुना दगड न वितळताच बदलतो. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट होतो, चिखलाच्या दगडाची पाटी होते. महाराष्ट्रात हे दगड पूर्वेकडे नागपूर-भंडारा भागात आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्गात आढळतात. खानदेशात ते फक्त फरशीच्या दुकानात भेटतात.

आपला काळा दगड

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. तो डोंगरासारखा साचला नाही, पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक थर थंड झाला, काही काळ गेला, त्यावर दुसरा आला. असे कितीतरी थर एकावर एक बसले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने व्यापलेला आहे. डोंगराच्या उतारावर थरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव दिले. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

या काळ्या दगडाखाली काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ खोल छिद्र घेण्यात आले. साधारण ३३८ मीटर काळा दगड संपल्यावर पातळ गाळाचा थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला. म्हणजे आपला काळा दगड हा जुन्या जमिनीवर पसरलेला जाड थर आहे.

हा दगड टिकाऊ आहे याचे पुरावे जवळच आहेत. अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. फारुकी सुलतानांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस बऱ्हाणपुरात उभी राहिलेली जामा मशीद काळ्या दगडाचीच आहे. परंतु त्या कारागिरांनी दगड निवडून घेतला होता. आज खदानीत सुरुंग लावला की थरातील चांगला आणि वाईट असा सारा दगड एकत्र खाली येतो. निवड करायची ती आपणच.

खदानीतील पाच प्रकार

लाव्हाच्या एका थराचा उभा छेद पाहिला की सारे उलगडते.

१) ठोस काळा दगड. थराच्या मधला व खालचा भाग सावकाश व घट्ट थंड झालेला असतो. रंग काळा किंवा निळसर काळा, कण बारीक, वजन भारी. हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो आणि टवका धारदार निघतो. स्लॅब, रस्ता आणि बांधकामाचा दगड यांसाठी हाच माल.

२) जाळीदार दगड. लाव्हातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो आणि वरचा भाग थंड होताना तेथेच अडकतो. पावाच्या आत असते तशी जाळी दगडात राहते. हा दगड हलका असतो आणि पाणी पितो.

३) गारगोट्या भरलेला दगड. त्याच छिद्रांतून पुढे हजारो वर्षे पाणी झिरपते आणि त्यात पांढरी, हिरवट खनिजे साचतात. काळ्या-तपकिरी दगडात पांढरे दाणे टोचल्यासारखे दिसतात. काही भागांत विहीर खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. तोडायला सोपा म्हणून क्रशरवाल्याला तो बरा वाटतो. पण खडीसाठी तो कमी प्रतीचा. त्यातील काही खनिजांची सिमेंटशी रासायनिक क्रिया होऊन काँक्रीटला पुढे तडे जाण्याचा धोका असतो.

४) तांबडा थर. दोन लाव्हांच्या मध्ये जो काळ गेला त्यात खालच्या थराचा वरचा भाग कुजून माती झाला आणि नवीन लाव्हाने तो भाजला गेला. गेरूसारखा तांबडा हा थर पाण्यात मऊ पडतो. पायाच्या खड्ड्यात किंवा विहिरीच्या बाजूला तो दिसला तर सावध व्हावे. त्याच्या भरवशावर भार देऊ नये.

५) मुरूम आणि गोटे. काळा दगड ऊन-पावसाने कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो. बाहेर मुरूम होतो, आत गोल गोटा शिल्लक राहतो. पाया खोदताना पहार अशा गोट्यावर आपटली की गवंडी म्हणतो, कातळ लागला. प्रत्यक्षात गोट्याखाली पुन्हा मुरूम किंवा मातीच असते. म्हणून खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पहार मारून पाहावी. सगळीकडे सारख्याच खोलीवर सारखाच आवाज आला तरच कातळ समजावा. मुरूम आणखी कुजला की आपली काळी माती होते. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सबब पाया तिच्यावर न ठेवता खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा.

याशिवाय धुळे-नंदुरबारकडे प्रवास करताना शेतांतून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या दगडाच्या लांब टेकड्या दिसतात. कोणी त्यांना जुन्या तटबंदीचे अवशेष समजतात. लाव्हा ज्या भेगांतून वर येत होता त्या भेगांतच गोठलेला हा दगड आहे. त्याला डाईक म्हणतात. काही डाईक कित्येक किलोमीटर लांब आहेत. यांचा दगड डोलेराइट या जातीचा, बेसाल्टपेक्षा किंचित मोठ्या दाण्याचा आणि कठीण असतो. शेतकऱ्यासाठी महत्त्वाचे हे की, असा डाईक जमिनीखालील पाण्याला बांधासारखा अडवू शकतो. एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, असे घडले तर नशिबाला बोल लावण्यापूर्वी मधला डाईक पाहावा.

घरच्या घरी परीक्षा

खडीचा सौदा मोठा असेल तर खदानीतून पाच-सहा निरनिराळे तुकडे आणावेत आणि पुढील तीन परीक्षा घ्याव्यात.

आवाज : तुकडा हातात सैल धरून हातोडी मारा. ठोस दगड वाजतो, कुजलेला दगड 'धप्प' करतो.

पाणी : तुकडा उन्हात चांगला वाळवून वजन करा. चोवीस तास पाण्यात ठेवा, फडक्याने पुसा, पुन्हा वजन करा. १००० ग्रॅमचा दगड १०१२ ग्रॅम झाला तर त्याने १.२ टक्के पाणी घेतले, माल चांगला. १०४५ झाला तर ४.५ टक्के, तो जाळीदार किंवा कुजलेला आहे. डांबरी रस्त्याच्या कामात साधारणपणे २ टक्क्यांपेक्षा अधिक पाणी पिणारी खडी चालत नाही.

जडपणा : तुकडा दोरीने काट्याला बांधून हवेत वजन करा, नंतर काट्याला टांगलेलाच पाण्यात बुडवून वजन करा. हवेत ९०० ग्रॅम आणि पाण्यात ६०० भरला तर फरक ३००. नऊशेला तीनशेने भागले, उत्तर ३. म्हणजे दगड पाण्याच्या तिप्पट जड, उत्तम ठोस बेसाल्ट. पाण्यात ५२५ भरला तर फरक ३७५, उत्तर २.४. हा दगड काळा दिसत असला तरी आतून पोकळ आहे.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. त्यामुळे हलक्या दगडाचाही ब्रास पूर्णच भरतो आणि ग्राहक पैसेही पूर्णच देतो. ठोस दगडाच्या खडीचा एक ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. काट्यावर यापेक्षा फारच कमी भरला तर माप किंवा माल, दोहोंपैकी एकात खोट आहे.

मोठ्या कामासाठी मात्र सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा. भारतीय मानक ३८३ मध्ये खडीची प्रत ठरवलेली आहे. रस्त्यासारख्या झिजणाऱ्या पृष्ठभागासाठी खडी दाबाखाली चुरा होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक चालत नाही. नदीच्या वाळूऐवजी दगड चुरून केलेली वाळू आता सर्वत्र वापरात येत आहे आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यासाठी धोरणही ठरवले. त्यामुळे ही परीक्षा अधिक गरजेची झाली आहे. कारण कुजलेल्या दगडाची वाळू केली तर तिच्यात मातीच जास्त येते आणि ती डोळ्यांना ओळखू येत नाही.

बोअर घेण्यापूर्वी

चोपडा तालुक्यात उत्तरेकडून दक्षिणेकडे आलो तर तीन पट्टे लागतात. सातपुड्यात काळा दगड. पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले गोटे, भरड वाळू आणि माती यांचा पट्टा, याला भूजलाचे जाणकार बझाडा म्हणतात. त्यापुढे तापीपर्यंत गाळाची खोल जमीन.

काळ्या दगडात पाणी असते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. ठोस काळा दगड एकसारखा निघू लागला की केवळ खोल गेल्याने पाणी वाढेल ही आशा धरू नये. गाळाच्या पट्ट्यात उलट आहे. तेथे चिकणमाती पाणी देत नाही, वाळूचा व गोट्यांचा थर देतो. म्हणून बोअर चालू असताना दर दहा फुटांचा चुरा वेगवेगळ्या ढिगांत ठेवायला सांगावे. कोणत्या खोलीवर वाळू लागली हे त्यावरून कळते आणि जाळीचा पाइप नेमका तेथे बसवता येतो.

बझाडा पट्टा हा या भागाचा पाणी मुरवणारा चाळणीचा भाग आहे. यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांत केळीसाठी उपसा वाढला, पाणी खोल गेले; ते परत भरायचे तर येथूनच. तापी महापुनर्भरण योजनेची मूळ कल्पना हीच आहे आणि तिच्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी करार केला.

ही समज नवीन मात्र नाही. बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास तबकातुल अर्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी शोधले, ते भुयारात गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या. तोच कुंडी भंडारा. पंप नाही, मोट नाही. दगड-मातीची नेमकी पारख एवढेच त्या कामाचे भांडवल होते.

अडावदजवळच्या उनपदेवचे गरम पाणी पाहून सातपुड्यात ज्वालामुखी जिवंत आहे असे काही जण म्हणतात. तसे नाही. भेगांतून फार खोल गेलेले पाणी तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते.

फरशीच्या दुकानात

शहाबादी, कडप्पा आणि कोटा या तिन्ही फरश्या चुनखडकाच्या. शहाबादी कर्नाटकातून येते, करड्या रंगाची. कडप्पा आंध्रातून, काळसर. कोटा राजस्थानातून, निळसर-हिरवट. मकराण्याचा संगमरवर हा रूपांतरित चुनखडक. ताजमहालसाठी तोच वापरला गेला.

या चारही दगडांचा शत्रू एकच, आंबट पदार्थ. पॉलिश नसलेल्या कोपऱ्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक फेस आला किंवा थोड्या वेळाने तेथील चमक गेली तर दगड चुनखडकाच्या जातीचा. चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो. असा दगड स्वयंपाकाच्या ओट्याला लावला तर लिंबू, चिंच, दही यांचे डाग कायमचे बसतात. नवीन फरशीवरचे सिमेंटचे डाग काढण्यासाठी सर्रास ॲसिड मारले जाते. शहाबादी, कोटा आणि संगमरवर यांवर तर ते मुळीच मारू नये. डाग जातो, पण फरशीची चमक त्याआधी जाते.

ग्रॅनाइटवर लिंबाचा परिणाम होत नाही आणि चाकूचा ओरखडाही सहसा उठत नाही. मात्र बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जी लादी मिळते ती बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असते, म्हणजे आपल्या धुळ्याकडच्या डाईकची भावंडे. दगड मजबूत आहे, फसवणूक नाही. परंतु नाव आणि वस्तू यांतील फरक दुकानदारालाही माहीत असावा. काळी कडप्पा 'काळा ग्रॅनाइट' म्हणून गळ्यात मारली गेली तर ती मात्र फसवणूक. तेथे लिंबू लगेच निवाडा देते.

गारगोटीचाही बाजार

ज्या पोकळ्यांमुळे खडीचा दगड कमी प्रतीचा ठरतो त्याच पोकळ्या दुसऱ्या बाजारात मोलाच्या आहेत. जळगाव जिल्ह्यातील सावदा परिसरातून निघालेले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट या खनिजांचे स्फटिक परदेशी संग्राहकांत प्रसिद्ध आहेत.

अंगठीतील अकीकही मुळात काळ्या दगडाच्या पोकळीतच जन्मतो. चोपड्यातून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता पश्चिमेला जेथे संपतो त्याच भागात, भरूच जिल्ह्यातील रतनपूर येथे अकीक खणून काढला जातो आणि खंबातचे कारागीर तो घडवतात. भाजल्यावर त्याचा रंग लाल खुलतो, ही फार जुनी रीत आहे आणि त्यात खोट नाही. परंतु काच रंगवून अकीक म्हणून विकली जाते. खरा अकीक काचेवर स्पष्ट ओरखडा काढतो आणि चाकूला दाद देत नाही. काचेच्या खड्यात उजेडाकडे धरल्यास बऱ्याचदा गोल बुडबुडे दिसतात.

याच खंबातच्या कारागिरांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अकीक घासताना उडणाऱ्या धुळीने तेथील कित्येकांना सिलिकोसिस झाला. फुप्फुसाचा हा रोग बरा होत नाही. अकीक, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांच्या धुळीत सिलिका अधिक असते. ग्रॅनाइट कापणाऱ्या आपल्या मुलांना पाण्याची धार चालू ठेवल्याशिवाय मशीन लावू देऊ नका. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही, योग्य मास्क हवा. बेसाल्टच्या धुळीत सिलिका तुलनेने कमी, तरी क्रशरवर पाण्याची फवारणी हवीच.

कागद आणि पारख

दगड, मुरूम आणि वाळू ही गौण खनिजे आहेत. शेत स्वतःचे असले तरी विक्रीसाठी खोदायला महसूल खात्याची परवानगी, स्वामित्वधनाची पावती आणि वाहतुकीचा परवाना लागतो. महाराष्ट्रात याचे नियम २०१३ चे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालापासून पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरणविषयक मंजुरीची अट लागू झाली. ट्रकमालकाने माल भरण्यापूर्वी कागद पाहावेत; गाडी अडकली की नुकसान खदानवाल्याचे नव्हे, गाडीवाल्याचे होते.

थोडक्यात, काळा दिसतो तो प्रत्येक दगड सारखा नसतो. वाजवून पाहा, भिजवून पाहा, तोलून पाहा, लिंबू लावून पाहा. या परीक्षांना एका दिवसापेक्षा जास्त वेळ आणि चार-दोन रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही. घर मात्र आयुष्यातून एकदाच बांधले जाते आणि बोअरसाठी काढलेले कर्ज पाणी लागले नाही तरी फेडावेच लागते. ज्याला दगडाची पारख आहे त्याला खदानवाला वाईट माल दाखवायलाच धजत नाही.